सुई हलली!

आज भाचीच्या प्रोजेक्टसाठी तांब्याच्या तारेचं वेटोळं केलं, गॅल्व्हानोमीटरला (तारेतून वीज वाहतेय का, हे सुईनं दाखवणाऱ्या यंत्राला) जोडलं आणि तिनं त्यात चुंबक सरकवला. सुई टुणकन हलली! चुंबक आत नुसता धरून ठेवला, तर सुई परत शून्यावर. बाहेर ओढला, की उलट्या दिशेला. चुंबक हलता असेल तरच तारेत वीज. मायकेल फॅरेडेनं १८३१ साली नेमकं हेच पाहिलं होतं. (जेमतेम शाळा झालेला हा पोरगा पुस्तकबांधणीची उमेदवारी करत होता, बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचता विज्ञानात शिरला.) पुढे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं या शोधाला गणिताची भाषा दिली. धरणावरची अजस्र जनित्रंही याच तत्त्वावर चालतात. भाचीनं चुंबक कितीतरी वेळा आतबाहेर केला. मी थांबवलं नाही, मलाच अजून बघायचं होतं.