वर्तुळातला ठिपका

डोंगराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्यापासून आत, एवढंच सांगतो. नाव का लिहीत नाही ते पुढं वाचताना कळेल.

बेळगावात मी गेली बावीस वर्षं खासगी मोजणीची कामं करतो. बहुतेक कामं बांधाच्या भांडणाची. जुनं टिपण, म्हणजे मोजणीची जुनी नोंद, काढायचं, त्यातल्या साखळ्या आणि आणे फुटांत करायचे, मग दोन भावांच्या मधोमध उभं राहून दगड कुठं होता ते दाखवायचं. आमच्याकडची जुनी साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे सोळा आणे. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे गुंठा, हे इथल्या शेतकऱ्याला शाळेत न जाताही पाठ असतं. त्यामुळं दगडाला किती किंमत आहे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. हद्दीचा एक दगड हलला की दोन घरांचं बोलणं पिढ्यान्‌पिढ्या बंद होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या जानेवारीत काम आलं नळयोजनेचं. पाइप कुठून जाणार त्या पट्ट्याचा ड्रोननं केलेला नवा नकाशा आमच्याकडं होता, पण तो जुन्या टोपोशीटवर, म्हणजे डोंगर-नाले दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, बसेना. गावातली विहीर नव्या नकाशात एकीकडं, जुन्यात दुसरीकडं. कारण आम्हाला माहीत होतं. जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याच्या १८३० सालच्या मापानं पृथ्वीचा आकार धरून काढलेले, आणि आजचा उपग्रह वेगळा आकार धरतो. संगणकात ठरावीक आकडे टाकून हा फरक काढता येतो, पण ते आकडे अख्ख्या देशाला मिळून काढलेले असतात. मला आमच्या भागाचा फरक हवा होता. त्याला एकच उपाय : ज्या जागेचे जुने अक्षांश-रेखांश छापलेले आहेत, नेमक्या त्याच जागी नवं यंत्र उभं करायचं.

टोपोशीटवर डोंगरमाथ्यावर छोटा त्रिकोण आणि आत ठिपका दिसला की समजायचं, इथं त्रिकोणमितीच्या मोजणीचा बिंदू आहे. प्रत्यक्ष जागेवर त्रिकोण नसतो, दगडात कोरलेलं वर्तुळ असतं आणि त्याच्या मधोमध ठिपका. हा त्रिकोण मी वर्षानुवर्षं नकाशावर बघत होतो. चढून कधी गेलो नव्हतो, याची मला आता खंत वाटते.

आमच्या ऑफिसातली पोरगी या कामासाठी माझ्यापेक्षा जास्त उत्सुक होती. सिव्हिलचा डिप्लोमा करून दोन वर्षांपूर्वी लागलेली. तिला जिओकॅशिंगचा नाद आहे. मला तोवर तो शब्दही माहीत नव्हता. तिनंच गाडीत सांगितलं. जीपीएसच्या सिग्नलमध्ये अमेरिकेनं सामान्य लोकांसाठी मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगनच्या रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तिथून हा खेळ जगभर पसरला. डबा लपवायचा, आत वही ठेवायची. ज्याला सापडेल त्यानं वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवायचा. डबा पुरायचा नाही, जमिनीच्या मालकाला विचारल्याशिवाय ठेवायचा नाही आणि दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर हवं, असे त्याचे नियम. तिकडं लोक सरकारी मोजणीच्या खुणाही अशाच हुडकत फिरतात म्हणे. तिच्या पिशवीत एक घट्ट झाकणाचा डबा, वही आणि पेन्सिल होती. डबा माथ्यावर ठेवायचा तिचा बेत होता.

पहाटे निघालो, साडेसातला पायथ्याशी. मदतनिसाच्या खांद्यावर ट्रायपॉड, माझ्या पाठीवर उपग्रहाचे सिग्नल घेणारा रिसीव्हर. दव पडलेलं, जांभ्यावर पाय सरकत होते. पोरीनं जुन्या यादीतले अक्षांश-रेखांश फोनमध्ये टाकले होते आणि ती पुढं होती. माथा अजून वर दिसत असताना ती थांबली. “सर, इथंच आहे. फोन शून्य मीटर दाखवतोय.”

ती करवंदीच्या जाळीत उभी होती. मी काही बोललो नाही. दहा मिनिटं तिनं एकेक दगड बघितला, हाताला काटे लागले, मग ती स्वतःच वर माथ्याकडं बघायला लागली. “फोन आग्नेयेला आणतोय आपल्याला,” ती म्हणाली. “एव्हरेस्टचे आकडे मी तसेच टाकले.” इथून माथा साधारण दीडशे मीटर वायव्येला होता. जो फरक मोजायला आम्ही आलो होतो त्याच फरकात ती उभी होती. मला तिचा अभिमान वाटला, तो तसा तिला बोलूनही दाखवला.

माथ्यावर पोचलो आणि माझ्या काळजात धस्स झालं. असा बिंदू दगडांच्या चौथऱ्यानं झाकलेला असतो. इथं चौथरा फुटलेला, घडीव दगड चहूकडं फेकलेले आणि मधोमध कमरेएवढा खड्डा. एका दगडावर अर्धं वर्तुळ होतं. उरलेला अर्धा तुकडा कुठंच नव्हता.

मी खड्ड्यात उतरून माती बाजूला करत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. “काय उकरूलाय रे हितं?”

गवळी धनगर म्हातारा. हातात काठी, मागं चार म्हशी. आवाजात राग होता आणि तो रास्त होता. मी वर आलो, काम सांगितलं, कागद दाखवले. कागदाकडं त्यानं बघितलंही नाही.

“पैलंबी असंच कोणतरी आलती. आमुशाच्या राती. सायबानं खाली सोनं पुरलंय म्हणून खणली. एक दमडी गावली न्हाई.”

“आज्जा, सोनं नव्हतंच,” पोरगी म्हणाली.

“मग सायेब डोंगरावर कशाला चढला?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मी चौथऱ्याच्या एका दगडावर बसून त्याला सगळं सांगितलं. लॅम्बटन नावाच्या माणसानं १८०२ साली मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीनं साडेसात मैलांची सरळ रेघ मोजली. त्या रेघेपासून सुरू करून, पुढं बहुतेक कोनच मोजत, एका डोंगरावरून दुसरा डोंगर बघत त्रिकोणांची जाळी देशभर गेली. ज्या यंत्रानं कोन मोजायचे ते अर्ध्या टनाचं, तेही उचलून डोंगरावर न्यायचं. उचलणारी माणसं आपलीच, त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. लॅम्बटन कामावर असतानाच १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मग हितनं त्येनी काय बगिटलं?”

मी उत्तरेला चंदगडच्या बाजूचे डोंगर दाखवले, ईशान्येला धुक्यातून वर आलेला यळ्ळूरचा राजहंसगड दाखवला. ज्या काळी या नजरा इथून तिकडं गेल्या तेव्हा मधे राज्याची सीमा नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि तोवर बेळगाव जिल्ह्यातच असलेला चंदगड तालुका पलीकडं राहिला. माझ्या आत्याचं सासर चंदगडात. त्यामुळं ही तारीख आमच्या घरात कुणाला सांगावी लागत नाही.

मग काम. वरची खूण गेली तरी आशा असते, कारण अशा बिंदूला पुष्कळदा दोन खुणा असतात : एक वर आणि तिच्या बरोबर ओळंब्यात दुसरी खाली, मूळ खडकात. खजिना शोधणारे खडक लागला की थांबतात. आम्ही पहार लावली नाही, हातानं आणि ब्रशनं माती काढली. म्हाताराही उतरला. अर्ध्या तासानं पोरगी “सर” एवढंच म्हणाली आणि गप्प झाली.

खडकात वर्तुळ, मधोमध ठिपका. कडा अजून धारदार. पाण्यानं धुतल्यावर आतली छिन्नीची रेघ दिसली. म्हाताऱ्यानं त्यावर बोट फिरवलं. “येवड्यासाटी?” तो म्हणाला, पण बोट लगेच काढलं नाही.

ट्रायपॉड खड्ड्यावर लावायला जागा अवघड होती. एक पाय दगडावर, दोन काठावर. सेंट्रिंगच्या दुर्बिणीतून ठिपका तारेच्या फुलीत आणायला मला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण हात थरथरत होते. रिसीव्हर चालू केला, अँटेनाची उंची तीन बाजूंनी मोजून लिहिली. चार तास निरीक्षण. भाकरी आणि लसणाची चटणी चौघांत वाटून खाल्ली.

दुपारी पोरीनं डबा काढला आणि म्हाताऱ्याला परवानगी विचारली. त्यानं डबा उघडून बघितला, वही चाळली, झाकण लावलं.

“हितं ठेवू नगो. डबा हाय म्हटल्यावर पुन्हा खणतील.”

ती लगेच “बरं” म्हणाली. इतक्या दिवसांचा बेत तिनं त्या एका वाक्यावर सोडला. डबा खाली त्याच्या गोठ्याजवळ, पडक्या भिंतीच्या खाचेत ठेवायचं ठरलं, त्याच्या देखत. तिथून माथा दिसतो.

निघण्यापूर्वी खडकावर वाळूचा थर टाकला आणि फेकलेले घडीव दगड हुडकून चौथरा पुन्हा रचला. त्याला दीड तास लागला. अर्ध्या वर्तुळाचा दगड आत, पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी हिशेब झाला. फरक उत्तरेला सव्वाशे मीटरच्या वर, पश्चिमेला नव्वदच्या आत, आणि पुस्तकातल्या आकड्यांहून थोडा वेगळा. पोरीनं तो फरक टाकून टोपोशीट सरकवली, तेव्हा जुनी विहीर ड्रोनच्या फोटोतल्या विहिरीवर जाऊन बसली. तिनं मदतनिसाला हाक मारून बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं.