निसरड्या वाटेवरची धाकधूक

दादर, ८ जुलै

आज सकाळी भाजी आणायला निघाले आणि इमारतीच्या फाटकाबाहेर, पेव्हर ब्लॉकवर धरलेल्या शेवाळापाशी येऊन थबकले. पाऊस थांबला होता, रस्त्यावर वर्दळ नव्हती आणि मंडई जेमतेम पाच मिनिटांवर होती. तरीही छातीत धडधडू लागले, तळहातांना घाम सुटला आणि गुडघे असे ताठरले की पाऊल पुढे टाकवेना. ही धडधड माझ्या ओळखीची आहे. फेब्रुवारीअखेर कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून परतताना ती माझ्याबरोबरच आली.

लेकाकडे दोन महिने राहिले होते. त्या शहरात एका हिवाळ्यात सुमारे दोन मीटर बर्फ पडतो, पण ताज्या बर्फाची मला कधी भीती वाटली नाही, कारण त्यात पाऊल रुतते, करकर आवाज येतो आणि आपण कुठे उभे आहोत ते कळते. खरा त्रास नंतर सुरू होतो. दुपारी तापमान शून्याच्या जरासे वर गेले की बर्फ वितळून पाणी पदपथावर पसरते आणि रात्री त्याच पाण्याचा काचेसारखा पातळ थर गोठतो. खालचे डांबर त्यातून दिसत राहते, म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. पाहणाऱ्याला तो केवळ ओला रस्ता वाटतो. त्यावर मीठ टाकतात, पण थंडी उणे पंधराच्या खाली गेली की साधे मीठ फारसे काम करत नाही, मग बारीक खडी पसरतात. रस्ता साफ करणारी यंत्रे बर्फ कडेला लोटून जातात, त्यामुळे चौकात रस्ता ओलांडायचा म्हणजे आधी गुडघाभर ढिगाऱ्यावर चढायचे, मग पलीकडच्या गारढोण चिखलपाण्यात उतरायचे. दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागे. काठी टेकत जाणारे एक आजोबा अशाच एका ढिगाऱ्यापाशी कितीतरी वेळ उभे राहिलेले पाहिले, तेव्हा माझा जीव फार तुटला.

तिसऱ्या आठवड्यात घराजवळच्या उतारावर माझा पाय सटकला. मनगट मुरगळले, हाड शाबूत राहिले. मात्र पुढचे बारा दिवस मी उंबरा ओलांडला नाही. रात्री बर्फ उचलणारे ट्रक येण्याआधी रस्त्यावरच्या गाड्या हलवण्यासाठी भोंगे वाजत. ते ऐकले की उद्याच्या रस्त्याच्या कल्पनेने अंथरुणातच पोटात गोळा येई. नंतर लेक मला मेट्रोने शहराच्या मध्यभागी नेऊ लागला, कारण तिथे जमिनीखाली ३० किलोमीटरांहून अधिक लांबीचे, इमारती आणि स्थानके जोडणारे मार्ग आहेत. तिथे मी निर्धास्त चालत असे आणि त्यालाच सुधारणा समजत असे.

ती सुधारणा नव्हती, हे इथे आल्यावर समुपदेशक बाईंशी बोलताना उमगले. बाहेर जाणे टाळले की क्षणात जीव भांड्यात पडतो, आणि घरी राहिलो म्हणूनच वाचलो असे मन शिकून घेते. पुढच्या वेळी धास्ती आणखी वाढलेली असते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला अधिक मोलाची वाटते. पडण्याच्या भीतीने माणूस अंग आखडून घेतो, नजर पायांवर खिळवतो, आणि अशा ताठर शरीराला पाय घसरलाच तर तोल सावरता येत नाही.

हे ऐकताना मला २६ जुलै २००५ आठवला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि मी वांद्र्याहून दादरपर्यंत, कुठे कुठे कमरेइतक्या पाण्यातून, अनोळखी माणसांचे हात धरून चालत आले होते. पायाखाली उघडे मॅनहोल असेल का, हे कोणालाच दिसत नव्हते. त्या वेळी मी घाबरलेली होते, पण ती भीती समोरच्या संकटाची होती आणि तिने माझी पावले उलट जपून टाकायला लावली. आजच्या धडधडीला समोर संकट असे नव्हतेच. जे अजून घडलेले नाही, त्याच्यासाठी शरीर आधीच सज्ज होऊन बसले होते. दोन्हींत काळीज सारखेच धडधडते, म्हणून इतके दिवस मला त्यांतला फरक कळला नसावा.

लेक रोज फोनवर म्हणतो, ‘आई, काळजी करू नकोस, काळजी घे.’ शब्द एकच, पण करण्याची काळजी मला दाराआड बसवते आणि घेण्याची काळजी चांगली पकड असलेली चप्पल घालायला सांगते. आपल्या भाषेने हा भेद किती सहज करून ठेवला आहे!

आज फाटकापाशी मी आधी श्वास सावकाश सोडला. मग नातवाने बर्फावर शिकवले होते तसे गुडघे सैल ठेवून, पिशवी खांद्याला अडकवून दोन्ही हात मोकळे केले आणि लहान, सपाट पावले टाकत भार पुढच्या पायावर घेत निघाले. धडधड थांबली नाही. ती बरोबर चालत राहिली. कोपऱ्यावर बसणाऱ्या मावशींकडून अळूची पाने आणि कोथिंबिरीची जुडी घेतली. ‘बऱ्याच दिवसांनी दिसलात, ताई,’ असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी चार मिरच्या वर घातल्या. मंडईपर्यंत मात्र गेले नाही.

संध्याकाळी मॉन्ट्रियलचे बूट पुसायला काढले. कातड्यावर मिठाची पांढरी रेघ अजून आहे आणि तळव्याच्या खाचेत खडीचा एक करडा कण रुतलेला होता. तो सुईने काढून खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत टाकला. उद्या पाऊस असला तरी दहा वाजता मंडईत जायला निघणार आहे, तसे लेकाला कळवले आहे.