कटऑफच्या जरासं वर

ह्यूस्टनच्या एका रक्तपेढीत मी रक्तदात्यांचं समुपदेशन करते. अमेरिकेत २००७ पासून दान केलेल्या रक्ताची चागस या परजीवीमुळे होणाऱ्या रोगासाठी तपासणी होते. पॉझिटिव्हचं पत्र गेलेला दाता बहुधा मेक्सिको, एल साल्वादोर नाहीतर बोलिव्हियाकडचा असतो. त्या दिवशी फोनवर होता मुझफ्फरपूरचा तिशीतला इंजिनिअर. लॅटिन अमेरिका त्याने नकाशातच पाहिलेली. रात्रभर गुगल करून, हृदय मोठं होतं, माणूस अचानक जातो, एवढं वाचून पहाटे ईसीजीही काढून आला होता.

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हा रोग पसरवणारे किसिंग बग नावाचे रक्त पिणारे किडे टेक्सासातही आहेत आणि इथल्या इथे लागण झालेले लोकही. कॅम्पिंगला जाता? नाही. मातीच्या घरात राहिलात कधी? लहानपणी, गावाला. मग मोठं आजारपण? तेव्हा गडी बोलता झाला. संपता न संपणारा ताप, पोट टम्म, "तिल्ली बढ़ गई थी" (प्लीहा वाढलेली), आणि रोज एक सुई, आई धरून ठेवायची.

काळा आजार! माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली.

आमच्या पहिल्या चाचणीच्या प्लेटवर चागसच्या परजीवीचा अख्खा अर्क चिकटवलेला असतो. काळ्या आजाराचा परजीवी, लिश्मानिया, त्याचा चुलतभाऊच. त्याच्याविरुद्ध बनलेल्या अँटीबॉडी या अर्कालाही चिकटू शकतात. स्क्रीनवर आकडे पुन्हा काढून पाहिले: कटऑफ, म्हणजे जिथून पॉझिटिव्ह धरतात ती रेषा, १; याचे १.३, फेरतपासणीतही तेवढेच. दुसऱ्या चाचणीत मात्र पट्टीवर मोजकीच, निवडून बनवलेली प्रथिनं असतात. तिचा निकाल दुपारी आला, निगेटिव्ह.

"मग सरळ जंतूच का शोधत नाही?" त्याचा प्रश्न रास्त होता. पण जुन्या चागसमध्ये रक्तात परजीवी इतके विरळ असतात की परजीवीचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होता येत नाही. म्हणून अँटीबॉडीच पाहायच्या, त्याही वेगवेगळ्या धर्तीच्या दोन चाचण्यांनी, आणि त्यांचं पटलं नाही तर तिसरीने. उलटही होतं. मेक्सिकोकडच्या काही रुग्णांत अँटीबॉडी इतक्या क्षीण असतात की खरा रोगी एखाद्या चाचणीतून निसटतो. त्यामुळे १.३ दिसलं की ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणून फाइल मिटवणारे सहकारी मला अजिबात आवडत नाहीत.

याच्या बाबतीत आमच्या डॉक्टरांनी तिसरी चाचणीही करून घेतली. तीही निगेटिव्ह. काळ्या आजारामुळेच पहिली फसली हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण माझा संशय तोच.

फोनवर त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच विचारलं, पुढच्या शिबिरात रक्त देऊ का? सध्या तरी नाही, म्हटलं. दाता म्हणून परत घ्यायचं तर ठरावीक काळाने पुन्हा सगळ्या चाचण्या. तो थोडा हिरमुसला. मी त्याला तिन्ही रिपोर्ट एकाच पीडीएफमध्ये पाठवले आणि बजावलं, डॉक्टर बदललात तर हे एकत्रच दाखवा, पहिला कागद सुटा देऊ नका.