नसलेलं घर बघायला: फिलाडेल्फियाचं फ्रँकलिन कोर्ट

लिबर्टी बेल, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्याची खूण मानली जाणारी घंटा, बघून बरेच जण तिथूनच मागे फिरतात. तुम्ही थोडं पुढे चाला. मार्केट स्ट्रीटवर तिसऱ्या आणि चौथ्या रस्त्याच्या मध्ये, विटांच्या घरांच्या ओळीत एक कमान आहे. तिच्यातून आत गेलं की पांढऱ्या पोलादी नळ्यांचा घराएवढा सांगाडा दिसतो. भिंती नाहीत, छप्पर नाही. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक, बेंजामिन फ्रँकलिन, त्याचं घर इथे होतं.

मला यात खरी गोष्ट दिसते ती त्याच्या बायकोची. बांधकाम १७६३ मध्ये सुरू झालं, पण पुढच्याच वर्षी साहेब लंडनला गेले. डेबोरा १७६५ मध्ये एकटीच राहायला आली. नवऱ्याच्या सूचना पत्रातून यायच्या: स्वयंपाकघर म्हणजे यंत्रच आहे, तुला ते चालवता यायचं नाही, मी तिथे हवा होतो! त्याच वर्षी स्टॅम्प कायद्यावरून, म्हणजे ब्रिटिश संसदेने वसाहतींतल्या कागदपत्रांवर लादलेल्या करावरून, शहर भडकलं. या कायद्यामागे फ्रँकलिनच आहे अशी आवई उठली आणि जमाव घरावर येणार असं कळलं. लोकांनी डेबोराला निघून जायला सांगितलं. ती हलली नाही. भावाला बंदूक घेऊन बोलावलं आणि घरातच ठाण मांडलं. १७७४ मध्ये ती वारली. नवरा परतला तो १७७५ मध्ये.

तो १७९० मध्ये याच घरात वारला. पुढे १८१२ मध्ये वारसांनी घर पाडून जागेवर भाड्याची घरं उठवली. पुण्यातल्या वाड्यांचं झालं तेच, फक्त दीडशे वर्षं आधी. घर नेमकं कसं दिसायचं याचं भरवशाचं चित्र उरलं नाही, म्हणून १९७६ मध्ये वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंचुरी यांच्या कार्यालयाने नकली घर न उभारता पोलादी नळ्यांनी घराची नुसती रेघ ओढली. मला हे पटलं.

वर बघून झालं की खालीही बघा. फरशीत पत्रांतल्या ओळी कोरल्या आहेत, आणि काँक्रीटच्या झरोक्यांतून वाकून पाहिलं की पायाचे अवशेष आणि शौचकूप दिसतात. उन्हात काचेवर चकाकी येते. हाताचा आडोसा करा.

अंगणाला तिकीट नाही. खालच्या संग्रहालयाला असतं. ते उघडं आहे का, हे निघण्याआधी पाहून घ्या. मेट्रोने येणाऱ्यांनी पाचव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरावं, गाडी आणू नये. मार्केट स्ट्रीटच्या बाजूला पोस्ट आहे, तिथे हाताने शिक्का मारून मिळतो. घरी कार्ड पाठवायचं तर इथूनच पाठवा. नवरा-बायकोची कबर पाचव्या आणि आर्च रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. आत जायला पैसे पडतात, पण ती कुंपणाच्या गजांतूनही नीट दिसते.