तुम्ही विचारलंत म्हणून : चौथीचं पोर गणिताला दुसरीच्या गटात का बसतं?

पालकसभेत, बसस्टॉपवर, बेळगावच्या बाजारात भाजी घेताना, कुठेही शाळेतली ओळख निघाली की एक प्रश्न येतोच. "बाई, माझं पोरगं चौथीत हाय न्हवं? मग गणिताच्या तासाला त्याला दुसरीच्या पोरांत का बसवलासा?" विचारणाऱ्याच्या आवाजात राग कमी आणि लाज जास्त असते. शेजारच्यांनी पाहिलं असेल, पोरगं घरी येऊन रडलं असेल. उभ्याउभ्या मला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, भात-बटाटा-रताळ्याच्या पट्ट्यात, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पाच इयत्ता आणि शिक्षक त्याहून कमी, अशी आमच्याकडच्या पुष्कळ शाळांची स्थिती आहे. एकेका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. त्यामुळे चौथीचं पोर दुसरीतल्यांच्या शेजारी बसलं यात नवल काही नाही. का बसवलं, हे मात्र सांगायला हवं.

तुमचं मूल चौथीत आहे, याचा अर्थ ते साधारण नऊ वर्षांचं आहे, एवढाच. २००९ चा शिक्षणहक्क कायदा मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यायला सांगतो, आणि ते योग्यच आहे. दहा वर्षांच्या पोराला पहिलीच्या बाकावर बसवणं क्रूरपणा होईल. पण वर्ग वयाने ठरला, की त्या वर्गाचं सगळं पुस्तक त्याला येतं असं आपण धरून चालतो. पावसात जांबोटी-कणकुंबीकडची मुलं किती दिवस शाळेला येऊ शकतात, रोप लावणीच्या दिवसांत धाकट्या भावंडाला कोण सांभाळतं, हे पुस्तकाला ठाऊक नसतं. त्याच कायद्याचं २४ वं कलम शिक्षकाला सांगतं की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहा आणि त्याप्रमाणे गरज असेल तिथे जादा शिकवा. म्हणजे आम्ही करतो ते कुणा बाईंच्या डोक्यातलं खूळ नाही, आमचं कामच आहे ते.

पाहायचं कसं? शाळा सुरू झाली की प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवून एक कागद वाचायला देते. आधी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणिताला एक आकडी संख्या ओळखणं, दोन आकडी संख्या, हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून देशभर गावोगावी हाच प्रकार वापरतात. एका मुलाला थोडी मिनिटं लागतात. लेखी परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिता येतं. इथे समोर मी आणि ते मूल, दोघंच. कुठे अडतं ते लगेच कळतं.

एका मुलाचं सांगते. नाव-गाव सांगत नाही. वडील रताळ्याचा व्यापार करतात आणि सुट्टीत तो त्यांच्याबरोबर बाजारात बसतो. त्याला पाटीवर ५२ – २७ घातलं. उत्तर आलं ३५. मी विचारलं, कसं केलंस? म्हणाला, "दोनातनं सात जात नाहीत, मग सातातनं दोन घालवलं. पाच. आणि पाचातनं दोन गेलं, तीन." किती व्यवस्थित विचार आहे बघा. मोठ्यातून लहान वजा करायचं असं त्याला कुणीतरी सांगितलेलं होतं, आणि ते त्याने दोन्ही घरांत इमानाने लावलं. मग तोंडी विचारलं, गिऱ्हाइकाने पन्नासची नोट दिली, रताळी सत्तावीसची झाली, परत किती? मी वाक्य संपवायच्या आत "तेवीस". कसं? "सत्तावीसला तीन घातलं तीस, तीसला वीस घातलं पन्नास."

हा मुलगा 'कच्चा' आहे म्हणायची माझी तरी जीभ धजत नाही. दशकाचं घर आणि एककाचं घर यांचा एकमेकांशी काय संबंध, एवढं एकच त्याला कागदावर कळलेलं नव्हतं. ते कळल्याशिवाय चौथीच्या पुस्तकातला भागाकार म्हणजे त्याच्यासाठी नुसते रकाने भरणं. २०२५ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास आला. बाजारातले अवघड हिशेब ती मुलं मनातल्या मनात करतात आणि शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणितात अडतात. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचं नेमकं उलटं. वाचताना मला आमचाच वर्ग दिसत होता.

म्हणून तो गणिताच्या तासाला दुसरीतल्या काही मुलांबरोबर काड्यांच्या जुड्या घेऊन बसला. पाच जुड्या आणि दोन सुट्या. सात काड्या द्यायच्या आहेत, सुट्या दोनच आहेत. थोडा वेळ नुसता बघत राहिला, मग स्वतःच एका जुडीचं रबर काढलं. बारा सुट्या झाल्या, जुड्या चार राहिल्या. हातचा घेणं म्हणजे काय, ते त्या रबर काढण्यात आहे. चौथीचं पुस्तक समोर ठेवून, पुढचा धडा संपवायच्या घाईत, हे करता येत नाही.

आणि हाच मुलगा मराठीच्या तासाला सगळ्यांत वरच्या गटात असतो. गोष्ट वाचतो, वाचलेल्यावर प्रश्न विचारतो. पालकांना मला मुख्यतः हे सांगायचं असतं, पण 'दुसरीचा गट' एवढं ऐकल्यावर पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही. पातळी विषयाची असते, आणि तीसुद्धा तेवढ्या महिन्यापुरती. मुलावर तिचा शिक्का बसत नाही.

आपल्या सीमाभागात तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. आपली मुलं मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकतात. एका मुलीच्या आईचं माहेर कन्नड गावातलं. ती कन्नड फाडफाड वाचते आणि मराठीत जोडाक्षरांना अडखळते. याच मुलीने मला गणितातलीही एक गोष्ट दाखवली. 'बावन्न' म्हटलं की ती २५ लिहायची. चूक का होते? मराठीत दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास मागून. तीच संख्या कन्नडमध्ये 'ऐवत्तेरडु' म्हटली की पन्नास आधी, दोन नंतर, आणि ती बरोबर ५२ लिहायची. पलीकडे महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास दोन' अशी वाचायची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. वर्गात बसून बघितलं की त्यामागची अडचण समजते. तिला आम्ही दोन्ही तऱ्हेने संख्या ऐकवल्या, लिहून घेतल्या. आता रताळीवाला मुलगा कन्नडच्या तासाला तिच्या शेजारी बसतो आणि मुळाक्षरं गिरवतो. तासागणिक वर-खाली बदलत असेल, तर कायमचं खाली कोण राहील?

मराठी शाळेचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं हक्कावर जातं, जायलाच हवं. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी हे सांगणारं ३५० अ हे कलम घटनेत १९५६ सालीच आलं, राज्यांची पुनर्रचना होऊन आपली ही फाळणी झाली त्याच वर्षी. पण त्या हक्काने उघडी राहिलेल्या शाळेत पाचवीचं मूल मराठीतली गोष्ट वाचू शकत नसेल, तर पालक त्याला इंग्रजी माध्यमात घालणारच. मी त्यांना दोष देत नाही. पट टिकवायचा तर आधी वाचन टिकवावं लागेल.

कुणी म्हणतं, हे सगळं बाहेरचं फॅड आहे. बाहेरचं कसं? 'नलिकली', म्हणजे 'आनंदाने शिक', ही सरकारी शाळांतली पद्धत आपल्या कर्नाटकातलीच. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ती सुरू झाली, आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांची पद्धत बघून आलेल्या सरकारी शिक्षकांच्या हातून. त्यात शिकण्याची एक शिडी असते, पायरीपायरीवर कार्डं असतात. एक गट बाईंच्या मदतीने शिकतो, एक थोड्या मदतीने, एक सोबत्याच्या मदतीने, एक आपापलं. मूल आजारी पडून आठ दिवसांनी आलं तर जिथे थांबलं होतं त्याच पायरीवर चढतं. मागे जाऊन बघायचं तर पंतोजींच्या शाळेतही वयावर बांधलेल्या इयत्ता नव्हत्या. ज्याचे पाढे पाठ झाले तो पावकी-निमकीकडे जायचा, दुसरा धूळपाटीवर असायचा. ती शाळा सगळ्या जातींची नव्हती, मुलींची तर नव्हतीच, म्हणून तिचे गोडवे मी गाणार नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी एकाच धड्यावर असलं पाहिजे हा हट्ट मात्र जुना नाही.

नलिकलीबद्दल माझी तक्रार एकच आहे, ती तिसरीला संपते. पहिली ते तिसरी मूल आपल्या चालीने जातं आणि चौथीच्या पहिल्या दिवशी शिडी काढून घेतात, हातात पुस्तकं देतात. खरा गोंधळ तिथे होतो. चौथी-पाचवीसाठी 'ओदु कर्नाटक', म्हणजे 'वाच, कर्नाटक', हा उपक्रम आला, त्यात पातळीनुसार गट असतात, म्हणून मला तो मनापासून पटला. पण तो उपक्रम म्हणून येतो आणि उपक्रम म्हणूनच जातो. मला हा तास वेळापत्रकात हवा आहे, खेळाच्या तासासारखा, कायमचा. हरियाणात २०१२-१३ साली सरकारी शिक्षकांनीच रोज एक ठरलेला तास मुलांना पातळीनुसार बसवून शिकवलं, आणि मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. बिहार-उत्तराखंडात शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य मिळालं, तिथे शाळेच्या वेळेत फारसं काही हललं नाही. या प्रयोगांवर काम करणाऱ्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण त्यातलं शहाणपण साधं आहे. तास नेमून दिला नाही तर पुस्तक सगळा वेळ खातं.

दुसरा प्रश्न हुशार मुलांच्या पालकांचा. माझी मुलगी मागे पडणार नाही ना? केनियात शंभराहून जास्त शाळांत एक प्रयोग झाला, त्यातल्या साधारण निम्म्या शाळांत पहिलीची मुलं पातळीनुसार दोन वर्गांत विभागली होती. तिथे वरच्या आणि खालच्या दोन्ही वर्गांतली मुलं पुढे गेली. वरच्या गटाला मी स्वतः गोष्ट लिहायला देते, गावातल्या विहिरींची माहिती काढून आणायला सांगते. एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. हुशार पोराला रोज दुसऱ्यांचा अभ्यास घ्यायला बसवायचं, हे चालणार नाही. आठवड्यातून थोडा वेळ ठीक, सांगताना त्याचंही पक्कं होतं. पण तेही शिकायलाच आलंय.

या पद्धतीत खरी भीती वेगळीच आहे, आणि ती तुम्ही विचारत नाही. गट गोठतो. जूनमध्ये ज्याला खाली बसवलं ते मूल मार्चमध्येही तिथेच दिसलं, तर चूक शाळेची आहे आणि तुम्ही मुख्याध्यापकांना, एसडीएमसीला म्हणजे शाळेच्या देखरेख समितीला जाब विचारलाच पाहिजे. गट हलते हवेत. ज्याला जुडी सोडता आली त्याने दुसऱ्याच दिवशी पुढे सरकावं, चाचणीची वाट कशाला? दसऱ्याच्या सुट्टीनंतर आम्ही सगळ्यांनाच परत एकदा तपासतो. गटांना गुलाब, मोगरा अशी नावं देऊनही काही साधत नाही, खालचं फूल कोणतं ते मुलांना पहिल्या आठवड्यात कळतं. आम्ही कामाचं नाव देतो, 'जुड्यांचा गट', 'गोष्टीचा गट'. आणि हे फक्त त्या तासापुरतं. प्रार्थना, परिसर अभ्यास, खेळ, अक्षर दासोहचं म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण सगळं आपल्या वर्गाबरोबर, आपल्या वयाच्या मित्रांत.

घरी तुम्ही काय कराल? चौथीचं गाईड आणून त्याच्यापुढे टाकू नका. दुकानातून काय आणलं, किती दिले, किती परत आले हे त्याला कागदावर मांडायला सांगा. रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं मोठ्याने वाचून घ्या. तुम्हाला वाचता येत नसेल तरी चालेल, शेजारी बसून ऐकलंत तरी त्याचा हुरूप वाढतो. धाकटीच्या समोर "तू अजून दुसरीच्याच गणितात" हे मात्र बोलू नका. घरी ते एकदा ऐकलं की वर्गात मूल चूक दाखवायचं बंद होतं, आणि चूक दिसली नाही तर मी शिकवू काय?

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर या, मुलालाही थांबवून घ्या. जूनमधला त्याचा कागद आणि आत्ताचा कागद दोन्ही मी जपून ठेवलेत, तेच दाखवते.