किती देते? तुम्ही विचारलंत म्हणून

१९६९ ची कॅमॅरो असो नाहीतर शेव्हेल, बॉनेटखालचं ३५० क्यूबिक इंचांचं व्ही-८ बघून झालं, आवाज ऐकून झाला, की अमेरिकेतसुद्धा मराठी माणूस विचारतोच, "पण किती देते?" आणि लगेच, "वाढवता नाही का येत?"

येतं. मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), ७५० चा (मिनिटाला ७५० घनफूट हवा घेणारा) कार्बोरेटर, ३.७३ चा एक्सल (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७३ फेरे) आणि ओव्हरड्राइव्ह (हायवेला इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर) नसलेला तीन गिअरचा ऑटोमॅटिक, अशी बांधलेली गाडी हायवेला गॅलनमागे साधारण १२ मैल देते, म्हणजे लिटरला पाच किलोमीटर. तीच गाडी, तेच इंजिन, पिकअप जराही कमी न करता १७-१८ मैलांपर्यंत नेता येते. कार्बोरेटरवर २५ सांगणाऱ्याचा स्पीडोमीटर आधी तपासावा.

ही थट्टा नाही. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवरून फिरते. त्यामुळे ओव्हरड्राइव्ह टाकला तरी आकडा बिघडत नाही, पण एक्सलचं गुणोत्तर किंवा टायरचा व्यास बदलला की मैल खोटे मोजले जातात. म्हणून पहिलं काम हिशेबाचं: जीपीएसवर ५० मैल चालवून ओडोमीटरशी ताडून बघा आणि फरक असेल तर गिअरबॉक्समधला छोटा प्लास्टिकचा गिअर बदला. पुढे टाकी दर वेळी एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा बंद होईपर्यंतच भरा.

आता मुद्द्याचं. सपाट रस्त्यावर ६०-७० मैलांच्या वेगाला या गाडीला जेमतेम तीसेक अश्वशक्ती लागते. उरलेल्या तीन-चारशे नुसत्या बसून असतात. मायलेज ठरतं ते या अर्धवट उघडलेल्या थ्रॉटलवर, आणि हौशी ट्यूनिंग सगळं होतं पूर्ण उघडलेल्या थ्रॉटलसाठी. रेसच्या गाडीला लागत नाही म्हणून डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अॅडव्हान्स (इंजिनाच्या व्हॅक्यूमने ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) काढून टाकतात, हे त्याचं सर्रास दिसणारं उदाहरण. हलक्या थ्रॉटलला सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. त्याला ठिणगी लवकर हवी. नाही मिळाली तर ते उशिरापर्यंत जळत राहतं आणि पेट्रोलची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते. हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) नको इतके तापतात ते यामुळेही.

टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावण्यापूर्वी डॅम्परवरची (क्रँकच्या पुढच्या चकतीवरची) खूण खरी आहे का ते बघा. जुन्या डॅम्परचं रबर सैल होऊन बाहेरची कडी सरकते, आणि मग टायमिंग लाइट बिनदिक्कत खोटं सांगतो. पिस्टन स्टॉप लावून टॉप डेड सेंटर (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) पक्कं करा. मग व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा. आयडलला १० ते १४ अंश, ३००० आरपीएमला एकूण ३४ ते ३६. त्यानंतर नळी थेट इनटेक मॅनिफोल्डला जोडा. व्हॅक्यूमने आणखी १० ते १४ अंश मिळून हायवेला ४६ ते ५० दिसले पाहिजेत. मोठ्या कॅममुळे आयडलचा व्हॅक्यूम १० इंच पाऱ्यावर आला असेल, तर मूळ कॅनिस्टर (व्हॅक्यूम अॅडव्हान्सची डबी) पूर्ण ओढला जात नाही आणि आयडल डळमळतो. आयडलच्या व्हॅक्यूमपेक्षा दोन इंच खालीच पूर्ण ओढला जाणारा कॅनिस्टर घ्या. हलक्या चढावर खडखड ऐकू आली तर व्हॅक्यूमचे दोन-दोन अंश कमी करा, मूळ टायमिंगला हात लावू नका.

एवढं झाल्यावरच कार्बोरेटर उघडा. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड (मिश्रण मोजणारा) सेन्सर लावल्याशिवाय जेट (पेट्रोल मापून सोडणारी भोकं) बदलणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे भाग क्रूझला (एकसारख्या वेगाला) १४.५ ते १५, पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १२.८, हे लक्ष्य. इथल्या पंपावर बहुतेक ठिकाणी १० टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं. त्यात मुळात ऊर्जाच सुमारे ३ टक्के कमी, तेवढं मायलेज गेलंच म्हणून समजा. होली कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये पॉवर व्हॉल्व्हचा (व्हॅक्यूम घटला की जादा पेट्रोल सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) आकडा आयडलच्या व्हॅक्यूमच्या साधारण निम्मा धरा. ६.५ चा व्हॉल्व्ह मोठ्या कॅमवर चढ आला की उघडतो आणि जास्तीचं पेट्रोल ओततो. प्रायमरी (आधी उघडणाऱ्या बाजूचे) जेट एका वेळी दोनच नंबर कमी करा. गाडी एकसारख्या वेगात हलके हिसके देऊ लागली की मिश्रण फार विरळ झालं, एक नंबर मागे या. एडेलब्रॉकच्या कार्बोरेटरमध्ये काम सोपं, मीटरिंग रॉड (जेटमधल्या सुया) वरून बदलता येतात, पेट्रोल सांडत नाही. आणि जुना क्वाड्राजेट (जीएमचा मूळ कार्बोरेटर) असेल तर तो फेकू नका. त्याचे प्रायमरी लहान असतात, हायवेला तो ७५० च्या डबल पंपर होलीपेक्षा हमखास कमी पितो.

आता सगळ्यात मोठी उडी, गिअरबॉक्स. आरपीएमचा हिशेब असा: मैलांचा वेग गुणिले एक्सलचं गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. ७० मैल, ३.७३, २६ इंच, म्हणजे ३३७४. ७००आर४ या जीएमच्या ऑटोमॅटिकचा चौथा गिअर (ओव्हरड्राइव्ह) ०.७० चा, तो टाकला की २३६२. एक्सलही २.७३ चा करून १७३० वर उतरवण्याचा लोभ मात्र नको. मोठा कॅम तिथे कुंथतो, थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, पॉवर व्हॉल्व्ह उघडतो आणि वाचवलेलं परत जातं. ३.४२ ते ३.७३ ठीक.

७००आर४ साठी प्रॉपेलर शाफ्ट सुमारे तीन इंच कापावा लागतो आणि क्रॉसमेंबर सरकवावा लागतो. २००-४आर (जीएमचाच दुसरा ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स) मात्र टीएच३५० (जुना तीन गिअरचा) एवढाच लांब, शाफ्ट तसाच चालतो. दोन्हींत थ्रॉटलला जोडलेली टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नीट कोनात बसलीच पाहिजे. सैल राहिली तर तेलाचा दाब कमी पडतो आणि क्लच काही मैलांतच जळतात. कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडणारा क्लच) जोडायला विसरू नका, नाहीतर तो घसरत राहतो आणि नुसतं तेल तापवतो.

पैशांचं म्हणाल तर वर्षाला ३००० मैल चालणारी गाडी १२ वरून १८ वर आली तर २५० गॅलनऐवजी १६७ लागतील. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तरी बचत तीनशेच्या आत. गिअरबॉक्स, कन्व्हर्टर आणि मजुरी मिळून खर्च काही हजार. वसूल व्हायला दहा वर्षंही पुरायची नाहीत. हा खर्च करायचा तर हायवेला शेजारच्याशी बोलता यावं आणि दोन पंपांमधलं अंतर वाढावं म्हणून करा. कॅनिस्टर आणि जेट मात्र शंभर-दीडशे डॉलरांत येतात.