बाकी सात

शाब्दिक उदाहरणाचं उत्तर अपूर्णांकात आलं की मी अस्वस्थ होतो. दूध सव्वासहा लिटर चालतं, माणसं चालत नाहीत. परवा दुपारी सहावीतली भाची वही घेऊन आली. एका शाळेत १८७ विद्यार्थी, ३० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक, तर किती शिक्षक लागतील? भाग गेला सहाचा, बाकी सात.

"मामा, सात मुलांसाठी अख्खा एक शिक्षक?"

"हो, अख्खा."

पण अर्धा शिक्षक मी पाहिलेला आहे. आमची जिल्हा परिषदेची शाळा द्विशिक्षकी. पहिली-तिसरी बाईंकडे, दुसरी-चौथी गुरुजींकडे. त्यामुळे चौथीच्या कविता मला दुसरीतच पाठ. बाई मीटिंगला तालुक्याला गेल्या की गुरुजी मधल्या दारात खुर्ची टाकायचे. एक कान पलीकडच्या पाढ्यांकडे, डोळे आमच्या शुद्धलेखनावर. पलीकडे पाढा तेरा सक्कं ला अडला की इकडून एखादा आगाऊ पोरगा "अठ्ठ्याहत्तर" ओरडायचा आणि छडी मात्र अडलेल्याला नाही, त्या आगाऊला बसायची. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात पहिली ते पाचवीचा तक्ता आहे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. १५० च्या वर गेलं की मुख्याध्यापक वेगळा. भाचीच्या उदाहरणातली शाळा पाचवीपर्यंतची धरली, तर कायद्याने पाच अधिक एक. वहीत सात, कायद्यात सहा. सहावा तर बराच वेळ कागदांतच बुडालेला असणार.

या तक्त्यातलं खरं नाट्य एकसष्टाव्या मुलात आहे. ते आलं की तिसरा शिक्षक, गेलं की कुणीतरी 'अतिरिक्त'. म्हणून जूनमध्ये गुरुजी-बाई दारोदार फिरून पोरं गोळा करतात आणि ३० सप्टेंबरचा पट संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं त्यासाठी, जिवापाड जपतात. मग कारखान्यांची धुराडी पेटतात, आणि तेच एकसष्टावं पोर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातं. नाव पटावर, पोर फडात. आता त्याला भागाकारात धरायचं की नाही?

मी म्हणतो, धरा. मागे राहिलेल्या साठांना शिक्षक तरी एक जास्त मिळतो.